प्लमची वाइन, उडालेली बुचं आणि जिन्याखालची मांडणी

वाचकांचं पत्र

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये वूस्टरशरमधल्या पर्शोरजवळ राहतो. परसात प्लमची दोन झाडं आहेत, एक पिवळ्या फळांचं आणि एक व्हिक्टोरिया जातीचं. गेल्या ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांना वाटून, जॅम करूनही फळं उरली, म्हणून एका जुन्या कृतीवरून वाइन केली. गॅलनला तीन पौंड साखर घातली होती. ऑक्टोबरात बुडबुडे थांबले तेव्हा बाटल्या भरून बुचं लावली. मे महिन्यात एका रात्री जिन्याखालच्या कपाटात दोन बुचं उडाली आणि एक बाटली फुटली. उरलेल्या बाटल्यांना हात लावायची भीती वाटते. माझ्या नवऱ्याला सुतारकामाची हौस आहे. तो म्हणतो, त्याच कपाटात दोनशे बाटल्यांची मांडणी करतो. नाशिकहून सासूबाई फोनवर बजावतात की घरची दारू पिऊन डोळे जातील. आणि त्यांच्याच शेताच्या बांधावर जांभळं आहेत. सुट्टीत गेलो की त्यांचीही वाइन करावी, असं मनात आहे. आमचं कुठे चुकलं? आता काय करू?

उत्तर

ताई,

आधी त्या उरलेल्या बाटल्यांचं बघू. पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

आज रात्री घर जितकं गार ठेवता येईल तितकं ठेवा आणि सकाळी गारव्यातच कपाट उघडा. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. यजमान सुतारकाम करतात म्हणजे तो घरात असणार. हातात जाड हातमोजे आणि अंगात लांब बाह्यांचं जाड काहीतरी घाला. मुलं असतील तर त्यांना दुसरीकडे पाठवा. एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळा आणि न हलवता फ्रिजमध्ये नेऊन उभी ठेवा. वाइन गार झाली की त्यातला वायू द्रवात विरघळून राहतो आणि बुचावरचा दाब उतरतो. पुरता एक दिवस गार झाल्यावर बाटली बाहेर परसात न्या, टॉवेल तसाच ठेवा, तोंड स्वतःपासून दूर धरा आणि बूच सावकाश काढा. फ्रिजमध्ये सगळ्या मावत नसतील तर दोन खेपा करा. घाई मात्र करू नका.

वाइन फेकू नका. ज्या बाटल्यांना आंबूस, व्हिनेगरचा वास येईल तेवढ्या मोरीत ओता. बाकीची सगळी वाइन स्वच्छ डेमीजॉनमध्ये, म्हणजे गॅलनभर वाइन मावणाऱ्या अरुंद गळ्याच्या काचेच्या बरणीत, परत घालून वर पाण्याचा एअरलॉक लावा, म्हणजे आतला वायू बाहेर पडेल अशी पण हवा आत येणार नाही अशी झडप. पुन्हा बुडबुडे येऊ लागले तर येऊ द्या, वीस अंशांच्या आसपास राहील अशा खोलीत तिला तिचं काम पुरं करू द्या. बहुतेक ती गोडच राहील. का, ते पुढे सांगते. वाइन पूर्ण शांत होऊन निवळली की कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची, जंतू आवरणारी) आणि यीस्टची वाढ रोखणारं पोटॅशियम सॉर्बेट, दोन्ही पाकिटावरच्या मापानं घाला. मग ती जेवणानंतर लहान पेल्यातून घ्यायची गोड वाइन म्हणून छान लागेल.

आता चूक कुठे झाली ते. तुमच्या पत्रात मला दोन जागा दिसतात. पहिली म्हणजे साखर. तीन पौंड म्हणजे जवळजवळ १३६० ग्रॅम, आणि इंग्लंडचा गॅलन साधारण साडेचार लिटरचा. एक लिटर वाइनमध्ये एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला सतराएक ग्रॅम साखर लागते. तुमची साखर आणि फळांतली साखर मिळून हिशेब वीस टक्क्यांपर्यंत जातो. इतकी मजल कोणतंही नेहमीचं वाइन यीस्ट मारत नाही. चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास ते स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये गळून जातं आणि उरलेली साखर तशीच राहते. जुन्या इंग्रजी घरगुती कृतींमध्ये हे तीन पौंडांचं माप फार दिसतं. तेव्हाच्या लोकांना गोड, कडक वाइन आवडत असेल, पण मी ते माप कुणालाही सुचवणार नाही.

दुसरी जागा म्हणजे ऑक्टोबर. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असा तुमचा समज झाला. तो जवळजवळ प्रत्येकाचा होतो. पण थंडी पडली की यीस्ट मंदावतं आणि पार निपचित पडतं. मे महिन्यात घर उबदार झालं, यीस्ट जागं झालं आणि उरलेली साखर खाऊ लागलं. फरक एवढाच की आता तयार होणारा कार्बन डायऑक्साइड जायला वाट नव्हती. एक लिटर वाइनमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की बंद बाटलीत साधारण एक वातावरणाइतका, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेइतका, दाब वाढतो. शॅम्पेन करताना बाटलीत मुद्दाम लिटरला चोवीसेक ग्रॅम साखर घालतात आणि सहा वातावरणांच्या आसपास दाब आणतात. म्हणून तिची काच जाड असते आणि बूच तारेनं बांधलेलं असतं. साध्या वाइनच्या बाटलीत पाऊण लिटर मावतं. तिच्यात चहाचे चारच चमचे साखर मागे राहिली आणि ती आंबली, तर दाब शॅम्पेनच्या घरात जातो. तुमच्या बाटल्यांत त्याहून कितीतरी जास्त साखर होती. दोनच बुचं उडून एकच बाटली फुटली, हे त्या कपाटाचं आणि तुमचं नशीब.

यावर उपाय म्हणजे हायड्रोमीटर, काही पौंडांत मिळणारी काचेची तरंगती नळी. साखरेनं द्रव दाट असतो तेव्हा ती वर तरंगते आणि साखर संपत गेली की खाली बुडते. ती घेतल्याशिवाय यंदा एकही फळ चिरू नका. एअरलॉकचे बुडबुडे खोलीच्या तापमानानं, हवेच्या दाबानं आणि झाकणातल्या फटीनंही बदलतात. हायड्रोमीटरचं तसं नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी मनापासून घेते. महाराष्ट्रातल्या माणसाला ही भीती वाटणारच. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. त्यामागे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं, त्यानंच डोळे जातात. पण ती दारू फळांतून घरी आंबवलेली नव्हती. असे बळी जातात ते कारखान्यांत वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. फळांच्या पेक्टिनमधून (जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य) वाइनमध्येही किंचित मिथेनॉल येतं, दुकानातल्या द्राक्षाच्या वाइनमध्येही असतं. त्या प्रमाणात त्यानं डोळ्यांना इजा होत नाही. धोका सुरू होतो तो वाइन उकळून तिची वाफ गोळा करायला गेलं की. ते घरी कधीही करू नका. ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. वाइनचं तसं नाही. तुमच्या घरच्या वापरापुरती, न विकता केलेल्या वाइनला तिथे परवाना लागत नाही आणि करही लागत नाही. शेजाऱ्याला एक बाटली भेट द्या, पण गावच्या जत्रेत पैसे घेऊन विकू नका. सासूबाईंना हे सगळं असंच समजावून सांगा. त्यांना काळजी वाटते, ती उडवून लावायची गोष्ट नाही.

विषाची खरी जुनी गोष्ट भांड्यांची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन भागात सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा यायच्या. १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी दाखवून दिलं की सायडरच्या घाण्यांमध्ये वापरलेलं शिसं आंबट रसात उतरत होतं. म्हणून जुन्या बाजारातून आणलेली, लुकण लावलेली मातीची भांडी वाइनला नकोत. पितळ, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमही नको. खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची झाकणवाली बादली, काचेचा डेमीजॉन आणि स्टीलचा डाव एवढं पुरतं.

आता यंदाच्या फळांकडे येऊ. तुमचं पिवळं झाड बहुधा पर्शोर यलो एग असावं. पर्शोरजवळच्या टिडस्ली जंगलात एकोणिसाव्या शतकात सापडलेली ही जात. ती आंबट असते, पेक्टिननं भरलेली असते, म्हणून जॅमला नामी. पण ज्या पेक्टिननं जॅम बसतो त्याच पेक्टिननं वाइन गढूळ राहते. व्हिक्टोरिया जास्त गोड, लालसर आणि सुवासिक. मी असते तर दोन्ही मिसळली असती. रंग आणि वास व्हिक्टोरियाचा, धार पिवळ्याची. (जाता जाता एक सांगते, ही झाडं हिवाळ्यात छाटू नका. प्लमला पानं रुपेरी करणारा बुरशीचा रोग छाटलेल्या जखमेतून शिरतो. छाटणी उन्हाळ्यातच करा.)

फळ झाडावरच पुरं पिकू द्या. देठाजवळ किंचित सुरकुती आली की ते तयार. प्लम सगळे एकदम पिकतात आणि तुम्हाला वेळ नसतो, म्हणून ते धुऊन, अर्धे करून, बिया काढून फ्रीझरमध्ये टाका. हा नुसता सोयीचा उपाय नाही. गोठताना फळातल्या पेशी फुटतात, त्यामुळे वितळल्यावर रस आपसूक सुटतो. बिया मात्र आधीच काढा आणि त्या ठेचल्या जाणार नाहीत असं बघा. त्यांच्या आतल्या गरात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

एका डेमीजॉनला दोन किलो प्लम घ्या. वितळल्यावर बादलीत हातानं कुस्करा आणि पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी घाला. फळं उकळू नका. उकळलं की पेक्टिन सुटतं आणि वाइन महिनोन्‌महिने निवळत नाही. साडेसातशे ग्रॅम साधी साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गार करून घाला. हे पाणी वरच्या मापातलंच. मग एक कॅम्पडेन गोळी चुरून टाका. ही सल्फाइटची गोळी फळांवरचे रानटी जंतू आवरते. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्यांनी करू नये, तिचा वायू छातीला लागतो. बारा तासांनी पेक्टोलेज घाला. पेक्टिन तोडणारं हे विकर गरम द्रवात मरतं, म्हणून रस गार असायला हवा. गोळीनंतर पुरे चोवीस तास गेले की वाइनचं यीस्ट आणि चमचाभर यीस्टचं पोषण घाला. पावाचं यीस्ट वापरू नका. ते लवकर थकतं आणि त्याचा पिठूळ वास वाइनमध्ये राहतो.

यीस्ट घालण्यापूर्वी थोडा रस गाळून हायड्रोमीटर लावा. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. रसात आकडा १.०८० ते १.०८५ च्या दरम्यान आला पाहिजे. कमी आला तर साखर थोडी वाढवा, जास्त आला तर पाणी. आकडा वहीत लिहून ठेवा. शेवटी आंबणं संपल्यावर तो ०.९९५ च्या आसपास येईल. दोन्हींचा फरक १३१ नं गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. ०.०८५ गुणिले १३१ म्हणजे अकरा टक्क्यांच्या थोडं वर. प्लमला एवढीच ताकद शोभते. त्याहून कडक केली की फळ हरवतं.

चार-पाच दिवस बादली झाकणाखाली, अठरा ते बावीस अंशांत ठेवा. फळांचा चोथा वर तरंगून त्याची टोपी बनेल. ती दिवसातून दोनदा स्वच्छ डावानं खाली दाबा, नाहीतर वरच्या वाळलेल्या चोथ्यावर बुरशी धरते. या दिवसांत झाकणाची फट विसरू नका. फळमाश्या नेमक्या तेवढ्यातून येतात आणि व्हिनेगर करणारे जीवाणू पायांवर घेऊन येतात. मग नायलॉनच्या पिशवीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा. पिळून काढण्याचा मोह आवरा. जितकं पिळाल तितका गढूळपणा आत जातो. रस डेमीजॉनमध्ये घाला, एअरलॉक लावा.

इथून पुढे घरातल्या माणसांचा धीर सुटतो. तुमचाही सुटला होता. आठवडाभराच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे सारखे आले आणि ते १.००० च्या खाली असले, तर आंबणं संपलं असं समजा. आकडा १.०२० वर अडकून बसला तर ते संपलेलं नाही. डेमीजॉन उबदार जागी हलवा, तळाचा गाळ हळुवार ढवळून उठवा आणि थांबा. संपल्यावर सायफनच्या नळीनं वाइन गाळावरून काढून दुसऱ्या डेमीजॉनमध्ये घ्या. नळीचं तोंड तळाशी ठेवा, धार वरून पडू देऊ नका, कारण आता हवा ही वाइनची शत्रू आहे. एक कॅम्पडेन गोळी घाला. डेमीजॉन गळ्यापर्यंत भरलेला हवा. कमी पडत असेल तर दुकानातली साधी वाइन घालून भरा, पाणी नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गाळ बसेल, पुन्हा काढा. पेल्यातून पलीकडचं अक्षर वाचता येईल इतकी नितळ झाली की बाटल्या भरायच्या. ऑगस्टची वाइन फेब्रुवारी-मार्चच्या आधी बाटलीत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

गोड हवी असेल तर ती बाटली भरताना करायची, आंबवताना नाही. साखर संपून कोरडी झालेल्या वाइनमध्ये आधी गोळी आणि सॉर्बेट घाला आणि मग चवीनुसार साखर. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ रोखतं, म्हणून जोरात आंबत असलेल्या वाइनमध्ये ते टाकून उपयोग नाही. आणि गोळीशिवाय नुसतं सॉर्बेट टाकू नका. काही जीवाणू त्यावर जगतात आणि वाइनला चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो. तो पुढे कशानंही जात नाही.

बाटल्या धुण्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच वापरू नका, बाटल्यांना नाही आणि कपाटालाही नाही. क्लोरीन, लाकूड किंवा बूच आणि बुरशी एकत्र आली की एक द्रव्य तयार होतं, त्याचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो आणि ते वाइनमध्ये शिरतं. सल्फाइटचं पाणी किंवा वाइन करणाऱ्यांच्या दुकानात मिळणारं, खंगाळावं न लागणारं निर्जंतुक द्रावण घ्या. मे महिन्यात भिंतीवर उडालेल्या वाइनचे डागही साबणाच्या पाण्यानंच पुसा आणि जागा पूर्ण वाळू द्या.

आता यजमानांची दोनशे बाटल्यांची मांडणी. मी त्यांच्या उत्साहाच्या विरुद्ध नाही, आकड्याच्या विरुद्ध आहे. फळांची घरगुती वाइन दशकभर ठेवायची नसते. प्लम सहा महिन्यांनी पिण्याजोगी होते, वर्षभरात उत्तम लागते आणि दोन वर्षांनंतर बहुतेकदा तिचं फळ ओसरू लागतं. तुम्ही तीन डेमीजॉन केलेत तर वर्षाला अठरा बाटल्या होतात. दोन वर्षांच्या मिळून छत्तीस. तेवढीच मांडणी हवी. दोनशे खण असले की ते भरावेसे वाटतात, आणि मग वाइन पिण्याचा हिशेब मांडणी ठरवते, तुम्ही नाही. अकरा टक्क्यांच्या एका बाटलीत सव्वाआठ युनिट असतात (ब्रिटनमध्ये दारू मोजायचं माप, एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल). ब्रिटिश आरोग्य खात्याचा सल्ला प्रौढ माणसाला आठवड्याला चौदा युनिटांच्या वर न जाण्याचा आहे, आणि तीही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. वजनाचंही बघा. भरलेली बाटली सव्वा किलोची, दोनशे बाटल्या म्हणजे अडीचशे किलो.

जिन्याखालची जागा तशी चांगली. अंधार असतो आणि तापमान फारसं हलत नाही. दहा ते चौदा अंश उत्तम, पण घरात तेवढं मिळत नाही. सोळा-सतरा अंश स्थिर असतील तर दोन वर्षांना काही होत नाही. दिवसा चढणारं आणि रात्री उतरणारं तापमान बाधतं, कारण वाइन फुगते-आकसते आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढते. म्हणून पोटमाळा नको, बॉयलरला लागून असलेली भिंत नको, कपडे धुण्याच्या यंत्राची शेजारीण मांडणी नको. आणि पुष्कळ इंग्रजी घरांत जिन्याखाली विजेची पेटी किंवा गॅसचा मीटर असतो. तिथवर हात सहज पोचला पाहिजे, तो भाग मोकळा सोडा.

आकार असा धरा. बोर्दो आकाराची, सरळ खांद्यांची बाटली साधारण ७६ मिलिमीटर जाड आणि ३०० लांब असते. मान ३० मिलिमीटरच्या आसपास. १४४ रुंद, १८ किंवा २० जाड रंधलेल्या पाइनच्या सातशे मिलिमीटर लांबीच्या सहा फळ्या घ्या. प्रत्येक फळीच्या मधोमध लांबीनं रेघ मारा. टोकापासून ७५ वर पहिली खूण, मग दर ११० वर एक, अशा सहा. तीन फळ्यांवर ८३ मिलिमीटरच्या गोल करवतीनं भोकं पाडा, तीन फळ्यांवर ३८ च्या. खाली टाकाऊ लाकूड लावून घट्ट आवळा, अर्धं एका बाजूनं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं कापा, म्हणजे लाकूड चिरफळत नाही. मग मधल्या रेघेवर फळी उभी चिरा. एका फळीच्या दोन पट्ट्या होतात, प्रत्येकीवर सहा अर्धगोल. मोठ्या अर्धगोलांची पट्टी मागे, बाटलीच्या पोटाखाली. लहानांची पुढे, मानेखाली. दोन पट्ट्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २०० ठेवा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकाच पातळीत बसवा. अर्धगोल आणि बाटली यांच्यातली फट पोटाशी आणि मानेशी जवळजवळ सारखी राहते, त्यामुळे बाटली आपोआप आडवी, समतल बसते. हे मोजमाप यजमानांना आवडेल.

ओळी एकमेकींवर १२० मिलिमीटरच्या अंतरानं लावा. सहा ओळी, सहा बाटल्या, छत्तीस खण. उंची आठशेच्या आसपास, रुंदी साडेसातशेच्या आत. भरल्यावर पंचेचाळीस किलो होईल, म्हणून वरची मागची पट्टी भिंतीतल्या लाकडी खांबाला स्क्रूनं पक्की करा. नुसत्या प्लास्टरबोर्डवर विसंबू नका. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता, नको. तो दमटपणात फुगतो. वार्निश लावायचंच असेल तर वास पूर्ण उडाल्यावरच बाटल्या ठेवा. शॅम्पेनच्या रुंद बाटल्या या खणांत बसणार नाहीत, जमवताना सरळ खांद्यांच्याच जमवा.

बूच लावल्यावर बाटली दोन-तीन दिवस उभी ठेवा, म्हणजे दाबून बसवताना अडकलेली हवा निघून जाते. मग आडवी. बूच ओलं राहिलं पाहिजे, त्यासाठीच ती आडवी ठेवायची. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. मानेला चिठ्ठी बांधा: फळ, वर्ष, पहिला आकडा, शेवटचा आकडा. जुनं वरच्या ओळीत, नवं खाली, म्हणजे हात आधी जुन्याकडे जातो.

उरली नाशिकची जांभळं. तिथे वाइन करू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं त्यात गुन्हा आहे आणि स्वतःच्या शेतातल्या फळांचं, घरच्यासाठी केलं, ही सबब चालत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, पण तो व्यवसायासाठीचा मार्ग आहे, सुट्टीतल्या हौसेचा नाही. शिवाय तुम्ही विमानानं परत याल आणि जाबजबाब सासूबाईंना द्यावे लागतील. बांधावरच्या जांभळांचं सरबत करा, गर काढून गोठवा, त्यांच्याबरोबर बसून खा. जांभळाची वाइन करायचीच असेल तर तिकडच्या भारतीय किराणा दुकानात गोठवलेला गर मिळतो का बघा आणि ती वूस्टरशरमध्ये करा. जांभूळ तुरट असतं, म्हणून पहिल्या वेळी एका डेमीजॉनला दीड किलो गर पुरे. साखर हायड्रोमीटर सांगेल तेवढी.

डेमीजॉनमध्ये परत ओतलेल्या जुन्या वाइनचा आकडा मला कळवा. तो १.०३० च्या वर असेल तर पुढे काय करायचं ते वेगळं सांगावं लागेल.